चार ओहमच्या स्पीकरला अँप्लिफायर घेताय? वॉट नंतर, आधी करंट बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बाबांनी टाकलं, आता मी बघते. नदीकाठच्या रानातले जळके पंप दिवसभर टेबलावर येतात. नेमप्लेटवर किती का एचपी असेना, मी आधी आत तांबं किती भरलंय ते बघते. घरासाठी अँप्लिफायर घेताना मात्र हेच विसरले.

बाबांना शास्त्रीय गायनातल्या जयपूर घराण्याचं वेड. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळे कोल्हापूरकरांना ही गायकी आपल्या घरचीच वाटते. बाबांसाठी मोठे उभे स्पीकर आणले आणि दुकानदारानं सुचवला म्हणून ‘१०० वॉट’चा रिसीव्हर, म्हणजे रेडिओसकटचा अँप्लिफायर. याच घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर लावले, आवाज जरा वाढवला. डग्ग्यावर घुमारा आला की आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज, आणि सगळं गप्प. बाबा म्हणाले, “अगं, मध्येच बंद काय करतेस?” मी तर हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानातला मल्टिमीटर घरी आणला. स्पीकरच्या वायरी काढल्या आणि टर्मिनलवर प्रोब धरले. ३.४ ओहम. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३, म्हणजे खरं ३.१. मागच्या लेबलवर ६ छापलेलं! मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स दाखवतो, इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा एकूण अडथळा) नाही. इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो. तरी अंदाज पक्का येतो. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहाच्या आसपास दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. तीन दिसलं की लेबल काहीही म्हणो, तो चारचाच समजायचा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे इम्पीडन्स लेबलच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे सहाचा ४.८ च्या खाली नाही. पण बरेच स्पीकर जातात. म्हणून माहितीपत्रकात ‘मिनिमम इम्पीडन्स’ शोधा.

आता हिशोब. ८ ओहमवर १०० वॉट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपियर. तेच २८ व्होल्ट ४ ओहमवर आले की ७ अँपियर लागतात, आणि लाटेच्या टोकाला १०. तीन ओहमपर्यंत उतरलं तर आणखी. हा करंट द्यायचा कुणी? ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टरनी. ते बारीक असले की व्होल्टेज बसतं, आवाज फाटतो, नाहीतर प्रोटेक्शन पडतं, म्हणजे रिले स्पीकर तोडतो. शिवाय क्रॉसओव्हरमुळे (स्पीकरमधलं जाड-बारीक स्वर वेगळे करणारं सर्किट) व्होल्टेज आणि करंट बरोबर चालत नाहीत. आम्हा मोटारवाल्यांच्या भाषेत पॉवर फॅक्टर बिघडतो, आणि ट्रान्झिस्टर जास्त तापतात. कमी ओहम आणि व्होल्टेज-करंटचा बिघडलेला मेळ (फेज) एकाच फ्रिक्वेन्सीला आले तर तो स्पीकर खरा जड.

म्हणून माहितीपत्रक असं वाचा. ८ आणि ४ ओहम, दोन्हीचे आकडे हवेत, तेही डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत. ८ ला ८० आणि ४ ला १३०-१५० लिहिलं असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल’ (डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाचं फाटणं) एवढंच असेल तर तो आकडा सोडून द्या. माझ्या रिसीव्हरचे १०० वॉट असलेच होते. आणि ४ ओहमचा उल्लेखच नसेल तर तो अँप घेऊ नका. ६० वॉटचा दणकट त्याहून कितीतरी बरा.

सेन्सिटिव्हिटीतही, म्हणजे ठरावीक ताकदीला स्पीकर किती मोठा वाजतो त्या आकड्यातही, एक गोम आहे. ती बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात. आठ ओहमला तो एक वॉट, पण चारला दोन. म्हणजे चारच्या स्पीकरचे ९० डेसिबल एका वॉटला ८७ च धरा.

क्लास एबी, म्हणजे नेहमीचा जड ट्रान्सफॉर्मरवाला अँप असेल तर उचलून बघा. तांबं-लोखंड भरलेलं असलं की हाताला कळतं. क्लास डीला (ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करून चालणारा हलका अँप) वजनाची कसोटी लागत नाही, तिथं ४ ओहमचा आकडाच बघायचा. काही स्वस्त क्लास डीमध्ये स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे वरच्या स्वरांचा तोलही बदलतो, त्यामुळे आपल्याच स्पीकरवर ऐकून घ्या. रिसीव्हरच्या मागचा ‘४ ओहम’ स्विच बहुतेक वेळा आतलं व्होल्टेज कमी करतो. अँप गार राहतो, ताकद वाढत नाही. ए आणि बी असे लिहिलेल्या टर्मिनलवर स्पीकरच्या दोन्ही जोड्या एकदम लावू नका, चारचे दोन होतात. ब्रिज मोड (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवणं) तर अजिबात नको, प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरे. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.०७ ओहमच्या आसपास जातात. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.१८. चार ओहमवर तो फरक धरायला हवा. अँप काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका, वर वीतभर जागा मोकळी ठेवा.

शेवटी मी जुना, १४ किलोचा स्टिरिओ अँप घेतला. तुम्हीही जुना बघणार असाल तर मल्टिमीटर खिशात ठेवा. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून दहा मिनिटं चालू ठेवा आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर गेलं तर दुरुस्त झाल्याशिवाय स्पीकर जोडू नका. मग स्पीकर जोडून पाऊण तास मोठ्या आवाजात वाजवा आणि वर हात ठेवा. कोमट ते गरम चालेल. हात ठेवणं अशक्य होत असेल, किंवा डग्ग्याला रिले पडत असेल, तर पैसे परत खिशात.