मोठ्या वयाचा कॉकटेल पोपट रुळवताना

नातेवाइकांची बदली झाली आणि त्यांचा मोठा कॉकटेल (कॉकाटील, तुरेवाला पोपट) परभणीला आमच्याकडे आला. (देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा.) हात दिसला की तुरा सपाट करून फुसफुसायचा. ही भीती, तेव्हा पुढे जायचंच नाही. पिंजरा भिंतीला टेकवला. मी शेजारी बसून हळू आवाजात पेपर वाचायचे. मग जाळीतून राळ्याचं कणीस धरलं. तो मागे सरला की माझा हातही मागे. सगळ्यात महत्त्वाचं हेच: आपला नकार इथे मानला जातो, हे त्याला कळायला हवं. नंतर पंखा बंद करून पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं, इथल्या उन्हाळ्यात पंख्याविना बसणं कठीणच. एके दिवशी स्वतःच मनगटावर चढला. आता डोकं खाजवून घेतो. पाठीवरून मात्र हात फिरवू नका, त्याने पक्षी माजावर येतो.