मुलाचा अहवाल कोणाच्या हातात द्यायचा? समुपदेशन आणि शैक्षणिक चाचणी केंद्रातली माहिती कशी सांभाळावी

गोपनीयतेवर सल्ला मागितला की बहुतेक जण सॉफ्टवेअरची नावं सुचवतात. अमुक अ‍ॅप घ्या, तमुक क्लाउड घ्या, संमतीपत्र छापून सही घ्या, झालं. छोट्या केंद्रातून माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा दारातून, फोनवरून आणि सदिच्छेने जाते. शिक्षिका काळजीने विचारते, रिसेप्शनवरची व्यक्ती काळजीने सांगते, आणि एका मुलाच्या घरातलं भांडण स्टाफरूममध्ये पोहोचतं. म्हणून या लेखात तंत्रज्ञान कमी आहे आणि 'कोणाला किती द्यायचं' हे जास्त आहे.

कुलूपबंद कपाट, प्रत्येक कर्मचाऱ्याचं स्वतंत्र लॉगिन, दुहेरी पडताळणी, एन्क्रिप्ट केलेली डिस्क, बॅकअप एवढं आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ते करून या.

आधी फॉर्म कापा

नोंदणीच्या फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यापुढे एक प्रश्न विचारा: या उत्तराने माझ्या कामातला कोणता निर्णय बदलणार आहे? वाचन-लेखनातल्या अडचणीसाठी मूल येत असेल तर जन्माच्या वेळची गुंतागुंत, बोलायला कधी लागलं, कान-डोळे तपासलेत का, घरची भाषा आणि शाळेची भाषा, शाळा कितीदा बदलली हे सगळं लागतं. आजोबांचा व्यवसाय लागत नाही. धर्म, उत्पन्न, ओळखपत्राची झेरॉक्स हे रकाने कुठल्या तरी जुन्या फॉर्मवरून उतरलेले असतात, ते उडवा. जे घेतलंच नाही ते हरवत नाही.

संमती: सहीआधी बोलणं

पहिल्या भेटीत, मूल किंवा पालक मनातलं बोलायला लागण्याआधी, गोपनीयता कुठे संपते ते तोंडी सांगा. जिवाला धोका, मुलावर अत्याचार, न्यायालयाचा आदेश. हे नंतर सांगणं म्हणजे फसवणूक. संमतीपत्रात एकच 'मला सर्व मान्य आहे' नको. चाचणी करणं, शाळेशी बोलणं, डॉक्टरांशी बोलणं, संभाषण रेकॉर्ड करणं, प्रत्येकाला वेगळी चौकट आणि वेगळी सही. संमती मागे घेता येते हेही तिथेच लिहा.

वयाची रेषा देशागणिक बदलते. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 पूर्ण होईपर्यंत मूल मानतात आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतात. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमात ऑनलाइन सेवांसाठी ही रेषा 16 आहे आणि सदस्य देशांना ती 13 पर्यंत खाली आणता येते. कायदा काहीही म्हणो, आठ वर्षांच्या मुलालाही 'आपण इथे काय करणार आणि ते कोणाला कळणार' हे त्याच्या भाषेत सांगायचंच.

तीन फाइली, एक क्रमांक

एका फाइलमध्ये नाव, फोन, शुल्क. दुसरीत चाचणीच्या उत्तरपत्रिका, गुण, अहवाल. तिसरीत सत्रांच्या नोंदी. दुसऱ्या-तिसऱ्या फाइलवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या जागी असते. रिसेप्शनला पहिली फाइल पुरते. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांतही थेरपिस्टच्या वेगळ्या ठेवलेल्या सत्र-टिपणांना इतर वैद्यकीय नोंदींपेक्षा जास्त संरक्षण आहे. एकाच फाइलमध्ये कोंबली की ते जातं.

चाचणीच्या प्रश्नपुस्तिकेची झेरॉक्स कोणालाही नाही, पालकांनाही नाही. प्रश्न फुटले की ती चाचणी पुढच्या मुलांसाठी निकामी होते. पालकांना निकाल समजावून घ्यायचा हक्क आहे, तो पुरेपूर द्या.

अहवाल बाहेर देणं

इथेच घोडं पेंड खातं. वर सांगितलेलं सगळं दोन आठवड्यांत लावून होतं, पण हा टप्पा नीट बसायला मला फार वेळ लागला, कारण इथे समोर चोर नसतो. समोर मुलाचं भलं इच्छिणारी माणसं असतात, आणि त्यांना नकार देणं उद्धटपणाचं वाटतं.

सुरुवात फोनपासून. "अमुक मूल तुमच्याकडे येतं ना? मी त्याची वर्गशिक्षिका." याला 'हो' म्हणणं हीच माहिती दिल्यासारखं आहे. 'नाही' म्हणणंही चालत नाही, कारण न येणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही मोकळेपणाने 'नाही' म्हणत असाल, तर ज्या दिवशी उत्तर टाळाल त्या दिवशी समोरचा समजून जाईल. म्हणून सगळ्यांसाठी, नेहमी, एकच वाक्य: "आमच्याकडे कोण येतं हे आम्ही कोणालाच सांगत नाही. पालकांशी बोला, त्यांनी लेखी कळवलं तर आम्हीच तुम्हाला फोन करू." हे वाक्य कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. नव्या कर्मचाऱ्याकडून पहिल्या दिवशी ते मोठ्याने म्हणवून घ्या. हसू येतं, येऊ द्या.

मग पालकांची संमती येते आणि शाळा म्हणते, "पूर्ण अहवाल पाठवा." पाठवू नका. संमती आहे म्हणून सगळं द्यायचं असा अर्थ होत नाही. पूर्ण अहवाल पालकांसाठी असतो. त्यात विकासाचा इतिहास असतो, कुटुंबाची पार्श्वभूमी असते, गुण असतात. शाळेला वर्गात काय करायचं तेवढं लागतं. म्हणून मी शाळेसाठी कायम वेगळं एक पानी पत्र लिहितो. अहवालातून नको ते खोडून केलेली प्रत मला आवडत नाही. काळ्या पट्ट्या पाहून कुतूहल वाढतंच, आणि संगणकावर मारलेल्या पट्टीखालचा मजकूर बऱ्याचदा कॉपी करून वाचता येतो.

पत्र कसं असावं? 'घरातल्या ताणामुळे आणि वडिलांच्या व्यसनामुळे मुलाचं लक्ष विचलित होतं' हे वाक्य खरं असेल, पण शिक्षिकेला त्याचा वर्गात शून्य उपयोग आहे आणि मुलाला ते दहावीपर्यंत पुरेल. त्याऐवजी लिहा: 'तोंडी सूचनेबरोबर लेखी सूचना द्यावी. फळ्यावरून उतरवून घ्यायला जास्त वेळ द्यावा. वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये.' कारण सांगायचं झालंच तर एका ओळीत: वाचनाचा वेग आणि अचूकता वयाच्या मानाने कमी आहे. बस्स.

बुद्ध्यांकाचा आकडा शाळेच्या पत्रात कधीही नको, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. वेक्सलरच्या बुद्ध्यांक चाचण्यांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) 15 असतं, प्रत्येक गुणाभोवती काही अंकांची चूक-मर्यादा असते, उपचाचण्यांत तफावत असेल तर एकूण आकड्याला फारसा अर्थच उरत नाही. हे सगळं शिक्षकांच्या खोलीत कोणी सांगत बसत नाही. तिथे उरतं ते 'अठ्ठ्याऐंशीवाला'. परीक्षा मंडळाला वाढीव वेळेच्या सवलतीसाठी गुण हवेच असतील तर ते प्रमाणपत्र त्या कार्यालयापुरतं, पालकांच्या हातून, बंद पाकिटात.

आता विभक्त पालक. आई मूल घेऊन येते, अहवाल वडील मागतात, किंवा उलट. कोणाचा आवाज जास्त हळवा आहे यावर निर्णय घेऊ नका. ताबा आणि पालकत्वाबद्दल न्यायालयाचा कागद काय म्हणतो ते पाहा आणि त्याची नोंद पहिल्याच भेटीत करून ठेवा. भांडण पेटल्यावर हा कागद मागितला की तुम्ही बाजू घेतली असं वाटतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही पालकांना मुलाच्या नोंदी पाहण्याचा हक्क असतो. म्हणूनच आईने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट मुलाच्या फाइलमध्ये लिहायची नाही. तिची नोंद वेगळी, तिच्या क्रमांकाखाली. ज्याने हे केलं नाही, त्याच्या टेबलावर एक दिवस मुलाच्या अहवालाचं रूपांतर घटस्फोटाच्या पुराव्यात होतं.

वकिलाचं पत्र आणि न्यायालयाचा आदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वकिलाच्या पत्राला लगेच फाइल काढून देऊ नका, स्वतःच्या वकिलाला दाखवा. आदेश आला तर पाळायचा, पण त्यात मागितलंय तेवढंच द्यायचं आणि काय दिलं ते क्लायंटला कळवायचं.

किशोरवयीन मुलांबाबत पालकांशी करार आधीच करा: सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तुम्हाला त्याच दिवशी कळेल, बाकी तिचं तिच्यापाशी. हे मुलीसमोर बोला. दर सत्रानंतर पार्किंगमध्ये गाठून 'आज काय म्हणाली?' विचारणारे पालक यानेच थांबतात. दुसरा उपाय मला माहीत नाही.

शेवटी प्रत्यक्ष पाठवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर अहवालाची पीडीएफ नाही. एका बोटाने ती शिक्षकांच्या ग्रुपवर जाते आणि परत येत नाही. पालकांच्या हातात कागद द्या, किंवा पासवर्ड घातलेली फाइल ईमेल करा आणि पासवर्ड फोनवर सांगा. मुलाची जन्मतारीख हा पासवर्ड नव्हे. ईमेलचा पत्ता आपोआप पूर्ण होऊ देऊ नका, ती सोय बंद करा. फाइलच्या नावाकडे तर कोणी बघतच नाही: 'अध्ययन अक्षमता अहवाल' आणि पुढे मुलाचं पूर्ण नाव. फाइलला कुलूप, नावावर सगळं उघडं. क्रमांक लिहा. हेच आठवणीच्या मेसेजचं आणि शुल्काच्या पावतीचं. 'उद्या 4 वाजता भेट' पुरे, कसली भेट ते स्क्रीनवर झळकायला नको.

काय दिलं, कोणाला, कधी, कोणाच्या संमतीने, ही एक वही ठेवा. कंटाळवाणी असते, पण दोन वर्षांनी 'तुम्हीच शाळेला सांगितलं' असा आरोप झाला की हीच बोलते.

गुप्तता मोडावी लागते तेव्हा

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली तारासॉफ प्रकरणात ठरवलं की क्लायंटकडून एखाद्याच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर थेरपिस्टला गप्प बसता येत नाही. भारतात 2012 च्या पोक्सो कायद्याखाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती न कळवणं हाच गुन्हा आहे. तुमच्या ठिकाणचा नियम आजच वाचून ठेवा, घटना समोर असताना नव्हे. आणि कळवायचं ते ठरलेल्या यंत्रणेला. मुख्याध्यापक, सोसायटीचे अध्यक्ष, ओळखीचे डॉक्टर यांना त्याच दमात सांगायचा परवाना यातून मिळत नाही.

व्याख्यानात 'केस' सांगताना

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजणाऱ्यांसाठी: लटान्या स्वीनी या संशोधिकेने 2000 साली दाखवलं की पिन कोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता होती. 'जुळ्या बहिणींपैकी एक, तोतरं बोलणारी, वडील सैन्यात' हे सांगितल्यावर नाव कशाला हवं? तपशील बदला, दोन-तीन गोष्टी मिसळा, किंवा लेखी परवानगी घ्या.

अहवालाची भाषा सुधारायला तो कुठल्याही एआय चॅटमध्ये चिकटवणं याच सदरात येतं. बाहेरच्या संगणकावर मुलाचा इतिहास गेला, एवढंच त्याचं वर्णन. शुद्धलेखन स्वतः तपासा.

किती काळ ठेवायचं

स्थानिक नियम असेल तो पाळा. नसेल तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची 2007 ची शिफारस वापरा: प्रौढांच्या नोंदी शेवटच्या भेटीपासून 7 वर्षं, अल्पवयीन असेल तर सज्ञान झाल्यावर 3 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल ते. मग श्रेडर. बॅकअपमधली प्रतही.

फुटलंच तर

फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीच्या सुमारे 33,000 रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. 2020 मध्ये चोराने आधी कंपनीकडे आणि मग थेट रुग्णांकडे खंडणी मागितली. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या फाइलींत लोकांनी थेरपिस्टला सांगितलेल्या गोष्टी होत्या, म्हणून तर खंडणी मागता आली. सत्राच्या नोंदी आखूड का ठेवायच्या, याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

तुमच्याकडे चुकीच्या पत्त्यावर अहवाल गेला, लॅपटॉप चोरीला गेला, तर त्याच दिवशी क्लायंटला स्वतः फोन करा: काय गेलं, कोणाकडे जाऊ शकतं, आम्ही काय केलं. जीडीपीआर नियामकाला कळवायला 72 तास देतो. क्लायंटने इतकी वाट पाहावी असं मला वाटत नाही.

एक काम जवळजवळ सगळेच विसरतात. एकट्याने केंद्र चालवत असाल तर आपण अचानक आजारी पडलो किंवा गेलो तर कपाटाची किल्ली कोणाकडे? घरच्यांकडे नको, त्यांनी या फाइली उघडायच्या नाहीत. दुसऱ्या एखाद्या मानसतज्ज्ञाशी लेखी ठरवा, संमतीपत्रात तशी ओळ घाला, आणि किल्ली, मुख्य पासवर्ड व चालू क्लायंटना कसं कळवायचं याची सूचना एका बंद पाकिटात त्या व्यक्तीकडे द्या. पासवर्ड बदलला की पाकीटही बदला.