एल्कच्या शिकारीसाठी रायफलचे काडतूस कसे निवडावे

एल्क या सांबरासारख्या मोठ्या प्राण्यासाठी मिळेल तितके जबर मॅग्नम (जास्त दारूचे, जोरदार) काडतूस घ्यावे, हा सल्ला कोलोरॅडोत दर हंगामापूर्वी नव्या शिकाऱ्यांना दिला जातो आणि तो ऐकून मी आता कंटाळलो आहे.

प्रथम नियम पाहावेत. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे इंचांत नळीचा व्यास) सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी टोपी असलेली), किमान ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची, लागल्यावर पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. अमेरिकेत नॉन-इमिग्रंट व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई असून वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. तेव्हा एच-१बी व्हिसावरील मराठी मंडळींनी काडतुसाच्या आधी आपली कागदपत्रे तपासावीत.

त्यानंतर काडतुसांची यादी करावी, जी फार मोठी नसते (कंसात काडतूस आल्याचे वर्ष). .३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६), .२७० विंचेस्टर (१९२५), .३०८ विंचेस्टर (१९५२), ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) यांपैकी कोणतेही काडतूस तीनशे किलोंच्या नराला पुरेसे आहे. आपण ज्या अंतरावरून बार टाकणार, तेथे १५०० फूट-पौंड ऊर्जा उरते का, एवढे उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे.

खरा कस यापुढे लागतो, आणि मलाही हाच टप्पा सर्वांत अवघड गेला: आपल्या खांद्याला किती धक्का सोसतो हे प्रामाणिकपणे ठरवणे. आठ पौंडांच्या रायफलमध्ये .३०८ चा धक्का साधारण १७ ते १८ फूट-पौंड, .३०-०६ चा २० च्या आसपास, तर .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५ च्या पुढे जातो. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे सरकतो, नळीचे तोंड खाली झुकते आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पायावर किंवा पोटावर जातो. असा जखमी एल्क मैलोगणती चालत जातो आणि पुष्कळदा सापडत नाही. हा दोष नेमबाजाला स्वतःला दिसत नाही, कारण प्रत्यक्ष बाराचा धक्का तो झाकून टाकतो.

म्हणून रेंजवर सोबत्याला आपल्या नकळत कधी खरे, तर कधी नकली काडतूस भरायला सांगावे. नकली काडतुसावर चाप ओढताना नळी हलली, तर त्या काडतुसाचा हट्ट सोडून एक पायरी खाली यावे. ही परीक्षा बाकावर टेकून नव्हे, तर गुडघ्यावर आणि बसून द्यावी, आणि आठ इंची कागदी ताटलीत प्रत्येक गोळी बसेल तेच आपले शिकारीचे अंतर मानावे. धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा भाग) लावण्याचा उपाय मला मुळीच मान्य नाही. त्याचा आवाज शेजारी बसलेल्या माणसाच्या कानांना कायमची इजा करू शकतो, आणि शिकारीच्या घाईत कान झाकायचे राहून जातात.

गोळीच्या रचनेवर मात्र पैसे वाचवू नयेत. १९४६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या (एल्कहून मोठ्या हरणाच्या) अंगात पुरेशा खोल शिरल्या नाहीत, आणि त्यातूनच त्यांनी पुढचा भाग उमलणारी, पण मधल्या धातूच्या पडद्यामुळे मागचे वजन टिकवणारी पार्टिशन गोळी घडवली. एल्कच्या खांद्याचे हाड लक्षात घेता अशी पार्टिशन, बाँडेड (शिशाला आवरण घट्ट जोडलेली) किंवा संपूर्ण तांब्याची गोळीच घ्यावी. लहान हरणासाठी बनवलेली पातळ आवरणाची गोळी त्या हाडावर फुटून जाऊ शकते. .३०-०६ मध्ये १६५ किंवा १८० ग्रेन, .२७० मध्ये १५० ग्रेन हे गोळीचे वजन मी ठरवून टाकले आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते, त्यामुळे तेथे तांब्याचीच निवड करावी.

शेवटी एकाच लॉट क्रमांकाचे (एकाच खेपेत बनलेले) पुरेसे डबे घेऊन त्याच काडतुसांवर रायफल २०० यार्डांना झीरो करावी, म्हणजे त्या अंतरावर नेम धरलेल्या जागीच गोळी बसेल असे जुळवावे.