भाकरी-शेंगाचटणीच्या ताटात व्हिटॅमिन ए कसं आणायचं

आम्हा सोलापूरकरांचं जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, जमलं तर आमटी. पोट मस्त भरतं, पण ज्वारीत व्हिटॅमिन ए नसल्यातच जमा, ते दुसरीकडून आणावं लागतं.

कलेजी, अंडं, दूध, तूप यात ते तयारच मिळतं, पाल्यात नि केशरी फळांत बीटा कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं व्हिटॅमिन ए बनवतं. युरोप-अमेरिकेत तयार मालावर जास्त भर, आपल्याकडं बहुतेक पाल्यावर. पश्चिम आफ्रिकेत लाल पामतेल चालतं, मोझांबिककडं केशरी गराचं रताळं, आणि मायक्रोनेशियात चक्क केशरी गराचं केळं, करात म्हणतात त्याला. आपलं पांढऱ्या गराचं रताळं ह्यात कामाचं नाही बरं का.

१. मंडईत रंगाला भुलू नका. डाळिंब आपलं लाडकं, बीटही लालभडक, पण ते रंग वेगळेच, कॅरोटीनचे नाहीत. उलट गडद हिरव्या पाल्यात ते भरपूर असतं, हिरव्याखाली झाकलेलं. शेवग्याचं झाड दारात असतं आणि आपण शेंगा तेवढ्या काढतो, पाला शेळीला!

२. आठवड्यातून दोन-तीनदा गरगट्टा करा. पालक, मेथी, चुका, थोडा शेपू, मूठभर तूरडाळ नि शेंगदाणे झाकण ठेवून शिजवायचे, मग रवीनं चांगलं घोटायचं आणि वरून लसणाची फोडणी द्यायची. घोटल्यानं पाल्याच्या पेशी फुटतात नि कॅरोटीन मोकळं होतं, कच्च्या पाल्यातून तेवढं अंगी लागत नाही.

३. तेल पाहिजेच. जेवणात ३ ते ५ ग्रॅम म्हणजे चमचाभर तेल पोटात गेलं तरी कॅरोटीन शोषलं जातं. इथं आपली शेंगाचटणी बाजी मारते कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच, म्हणजे ताटात तेल आधीपासून होतं, पालाच नव्हता.

४. पाला वाळवायचा तर सावलीत. सोलापूरच्या उन्हात टाकला तर बरंचसं कॅरोटीन उडून जातं.

५. गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा आहेतच. आमच्या पुतण्यानं एका सीझनला इतकी गाजरं खाल्ली की तळहात पिवळे, घरात कावीळ कावीळ म्हणून गोंधळ, पण डोळे पांढरेशुभ्र होते. गाजर कमी केलं, रंग गेला.

गोळ्या मनानं घेऊ नका, जास्त झालं तर त्रास होतो, आणि गरोदर बाईनं कलेजीपासून लांबच राहावं. संध्याकाळी अंधारात नीट दिसत नसेल (व्हिटॅमिन ए कमी पडल्याची ही खूण असू शकते) तर गरगट्ट्यावर थांबू नका, डॉक्टर गाठा. ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना दर ६ महिन्यांनी व्हिटॅमिन एचा सरकारी डोस मिळतो, तो चुकवू नका.

पोरं पाला वेचून बाजूला काढतात? शेवग्याचा कोवळा पाला (जून असेल तर कडवट लागतो) बारीक चिरून धपाट्याच्या पिठात मळा, वर लोण्याचा गोळा ठेवा.