पिकोलिट उघडताना

भाच्याने इटलीतल्या उदिनेहून आणलेली पिकोलिट या गोड वाइनची पहिली बाटली मी बर्फगार करून वाया घालवली, वासच मेला. आता कोथरूडच्या घरी फ्रीजमधून काढून ओट्यावर पंधरा मिनिटं ठेवते. 10-12 अंश पुरे. पेला लहान, तोही निम्माच भरा. जर्दाळू-मधाचा वास वर यायला जागा हवी. जोडीला जिलबी नको, गोडावर गोड बसतं. निळ्या बुरशीचं चीज किंवा भाजलेले बदाम बरे.

महाग का? इटलीच्या फ्रिउली भागातल्या या पिकोलिट द्राक्षाची फुलं नीट फळत नाहीत. मंडईतला भरगच्च घड आठवा, अन् त्यातले बहुतेक मणी गळालेले! उरलेही उशिरा तोडतात किंवा सुकवतात. 2006 साली या वाइनला डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाइनचा सर्वोच्च दर्जा मिळाला.

उरलीच, तर बूच घट्ट लावून परत फ्रीजमध्ये.