शाळेत मुलांना पीअर सपोर्टचं ट्रेनिंग देताय? या चुका टाळा

पीअर सपोर्ट म्हणजे जीव द्यायचे विचार येणाऱ्या मित्राचं ऐकून घ्यायला आणि ते मोठ्यांपर्यंत पोचवायला मुलांनाच शिकवणं. यातली सगळ्यात घातक चूक म्हणजे "कुणाला सांगणार नाही" या शपथेवर ट्रेनिंगमध्ये नीट कामच न करणं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी दोस्ती म्हणजे गुपित पोटात ठेवणं, त्यामुळे रात्री मित्राचा मेसेज येतो "शपथ घे, घरी कळता कामा नये" आणि हे पोरगं शपथ घेऊन रात्रभर एकटंच जागं राहतं. नुसतं "वचन देऊ नका" सांगून भागत नाही हो, ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाहीत. जोड्या करा आणि मोठ्याने म्हणून घ्या, "तू बोललास ते फार बरं केलंस, पण हे मी एकटा सांभाळू शकत नाही, चल, दोघं मिळून मॅडमना सांगू." लाजतील, हसतील, हसू द्या, पण परत परत म्हणून घ्याच. मित्र चिडला तरी चालेल. आणि आत्ताच जिवाला धोका वाटत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच मोठं माणूस किंवा इमर्जन्सी मदत बोलवायची.

दुसरं, थेट विचारायची भीती. विषय काढला की डोक्यात नको ते भरेल असं शिक्षकांनाही वाटतं, पण २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांवर हे तपासलं तेव्हा विचारल्यामुळे त्रास वाढलेला दिसला नाही. "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" असं विचारलं की उत्तर "नाही"च येणार. "जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारायला शिकवा.

हॉलमध्ये सगळ्यांना बसवून एक लेक्चर दिलं की झालं, हेही सोडा. २०१५ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात रोल-प्ले आणि चर्चा असलेला साधारण पाच तासांचा, चार आठवड्यांत विभागलेला कार्यक्रम घेतलेल्या मुलांमध्ये वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न तो न घेतलेल्यांच्या मानाने जवळपास निम्मे होते, फक्त शिक्षकांना ट्रेनिंग देऊन मात्र तसा फरक पडला नाही.

निवड करताना फक्त टॉपर आणि मॉनिटर नकोत, मागच्या बाकावरची पोरं त्यांच्याकडे मन मोकळं करणार नाहीत. कुणी कसा जीव दिला याचं वर्णन ट्रेनिंगमध्ये अजिबात नको.

आणि प्लीज, या मुलांना काउन्सेलर बनवू नका. ऐकायचं आणि मोठ्यांपर्यंत पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. प्रत्येकाकडून दोन मोठ्या माणसांची नावं लिहून घ्या, एक जण फोन उचलत नसेल तर दुसरा, आणि त्या दोघांना हे आधीच विचारून ठेवा.