पॅलेस्टिनी कला महोत्सवासाठी प्रोड्युसर नेमताय? आधी एवढी तयारी करा

ब्रिटनमधल्या एखाद्या शहरात आठवडाभराचा पॅलेस्टिनी कलांचा महोत्सव करायचाय, कमिटी सगळी हौशी, थोडाफार निधी हातात आलाय आणि आता प्रोड्युसर शोधायचाय, अशा मंडळींसाठी हे लिहितेय. लगेच जाहिरात टाकू नका. आधी ह्या माणसाने नक्की काय करायचंय ते एका पानावर लिहून काढा, कारण कार्यक्रम निवडणं, पैसे उभे करणं आणि कलाकारांना इथे आणून सुखरूप घरी परत पोचवणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि छोट्या कमिट्या ती तिन्ही एकाच माणसाच्या गळ्यात मारतात. कार्यक्रमांची निवड कमिटीने करावी, आणि त्या कमिटीत पॅलेस्टिनी माणसं नुसती सल्लागार म्हणून नकोत, निर्णय घेणारी हवीत. निधीचे अर्ज आपापसात वाटून घ्या. प्रोड्युसरला तिसरं काम द्या, तेच सगळ्यात अवघड आहे.

अवघड का ते बघा. समजा दबके हे पॅलेस्टिनी लोकनृत्य नाचणारं पथक बोलावलंय, सगळे पॅलेस्टिनीच, पण वेस्ट बँकमधल्या रामल्लाच्या मुलीकडे पॅलेस्टिनी ऑथॉरिटीचा पासपोर्ट, पूर्व जेरुसलेमच्या मुलाकडे इस्रायलने दिलेलं प्रवासाचं कागदपत्र, इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या ढोलकवाल्याकडे इस्रायली पासपोर्ट आणि लेबननच्या कॅम्पमध्ये वाढलेल्या गायकाकडे निर्वासिताचं कागदपत्र. हैफावाल्याला ब्रिटनसाठी ऑनलाइन परवानगी पुरते, रामल्लावालीला व्हिसा लागतो, आणि तिचं विमान बहुतेक अम्मानहून, म्हणजे आधी वेस्ट बँकमधून जॉर्डनला जाणारा अ‍ॅलनबी पूल ओलांडायचा, ज्याच्या वेळा शुक्रवार-शनिवारी आखूड असतात आणि जो कधी कधी अचानक बंदच होतो. गाझातल्या कलाकाराचं तर आणखी वेगळं, मे 2024 पासून इजिप्तच्या सीमेवरच्या रफाहच्या वाटेचा भरवसाच राहिलेला नाही, आणि व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला तिथे केंद्र नाही, मग अर्ज करणार कुठून? त्यांचं काम व्हिडिओने, रेकॉर्डिंगने किंवा बाहेर असलेल्या सहकाऱ्यामार्फत कसं सादर करायचं आणि त्याचं पूर्ण मानधन कसं पोचवायचं ह्याचा विचार पहिल्या दिवसापासून हवा, ते उरलंसुरलं काम नाही.

म्हणून तारखा ठरवून मगच जाहिरात काढा, आणि तारखा ठरवताना रमजान बघा (तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो), ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली ऑलिव्हची तोडणी बघा, 15 मेचा नकबा दिवस (1948 मध्ये पॅलेस्टिनींना घरंदारं सोडावी लागली त्याच्या आठवणीचा) बघा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त आधी करता येत नाही, ठरलेल्या कार्यक्रमाचं मानधन त्या व्हिसावर घेता येतं पण आमंत्रण प्रवासाआधीचं हवं आणि काम आल्यापासून 30 दिवसांत उरकायला हवं. हे सगळं मागे मोजत गेलात की प्रोड्युसर आठ-नऊ महिने आधी का हवा ते कळतं.

जाहिरातीत ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. मानधन, किती दिवसांचं काम, फ्रीलान्स की पगारी, घरून चालेल का, सगळं स्पष्ट लिहा. अरबी येत असेल तर उत्तम, पण 'उमेदवार पॅलेस्टिनीच हवा' अशी अट टाकण्याआधी 2010 च्या इक्वालिटी अ‍ॅक्टबद्दल (भेदभावाविरुद्धचा ब्रिटिश कायदा) जाणकाराला विचारा.

मुलाखतीचे प्रश्न दोन दिवस आधी पाठवा आणि एक छोटं काम द्या, त्याचे पैसेही द्या. काम म्हणजे वरचंच पथक, चौघांचे चार प्रकारचे कागद, शनिवारी संध्याकाळी प्रयोग, त्यांचा प्रवास आखून दाखवा. चांगला उमेदवार विमान शोधायच्या आधी तुम्हालाच प्रश्न विचारेल, की कोणाचा पासपोर्ट कधी संपतो, कोणाला आधी व्हिसा नाकारलाय का, दोन दिवस आधी आणलं तर हॉटेल देणार का. जो थेट स्वस्त तिकिटं शोधायला बसतो तो मला तरी चालणार नाही.

मग विचारा, हॉलवाल्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं तर काय कराल? हा काल्पनिक प्रश्न नाही. 2023 मध्ये ब्रिस्टलच्या अर्नोल्फिनी ह्या कलाकेंद्राने ब्रिस्टल पॅलेस्टाइन फिल्म फेस्टिव्हलचे दोन कार्यक्रम रद्द केले, पुढे माफीही मागितली, पण त्या वेळी आयोजकांना कार्यक्रम दुसरीकडे हलवावे लागले. तेव्हा हॉलच्या करारात रद्द करण्याचं कलम कसं हवं, पर्यायी जागा कोणती, आणि कलाकाराला ही बातमी पहिल्यांदा कोण सांगणार, हे उमेदवाराच्या तोंडून ऐका.

बजेटच्या शीटमध्ये बँकेसाठी वेळ धरा. नुसता पॅलेस्टाइन हा शब्द दिसला तरी पेमेंट तपासणीत अडकू शकतं, म्हणून आमंत्रणपत्र, करार, इनव्हॉइस एकाच फोल्डरमध्ये तयार ठेवा आणि कलाकाराला डॉलर हवेत, शेकेल की जॉर्डनी दिनार ते आधीच विचारा. मानधन महोत्सव संपल्यावर देऊ म्हणणं बरं नाही, अर्धं तरी आधी गेलंच पाहिजे.

छापील आणि पडद्यावरच्या मजकुराची जबाबदारीही करारात घाला. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून येतात, पण चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने पडतात, आणि मोठ्या पोस्टरवर कवीचं नाव तसं छापलं गेलं तर ज्याला वाचता येतं त्याला किती वाईट वाटेल! छपाईला जायच्या आधी अरबी वाचणाऱ्या माणसाची सही हवी.

संदर्भासाठी दोन नावं मागाल तेव्हा एक तरी अशा कलाकाराचं मागा ज्याला ह्या उमेदवाराने दुसऱ्या देशातून आणलंय, नुसती संस्थेच्या डायरेक्टरची नकोत. त्या कलाकाराला विचारा, एअरपोर्टवर घ्यायला कोण आलं होतं, पैसे कधी मिळाले, व्हिसा अडकला तेव्हा फोन कोणी उचलला. आणि हे फोन ऑफर द्यायच्या आधी करा, नंतर नाही.